शत्रूच्या नावाची जर्सी

लिटल रॉकहून दक्षिणेला निघून पाइन ब्लफ मागे टाकलं की मुलूख बदलायला लागतो. एका अंगाला मिसिसिपी नदीनं शतकानुशतकं आणून टाकलेल्या गाळाची सपाट जमीन, दुसऱ्या अंगाला पाइनची उंच झाडी. आर्कान्सॉ राज्यातलं माँटिसेलो हे गाव या दोन्हींच्या सांध्यावर वसलेलं आहे. म्हणूनच तिथल्या विद्यापीठात शेतीही शिकवतात आणि वनशास्त्रही.

ऑक्टोबर होता आणि कापूस निघत होता. पानं औषध मारून आधीच गाळलेली; नुसत्या पऱ्हाट्या आणि त्यांवर उमललेली पांढरी बोंडं. यवतमाळकडच्या माणसाला असं निष्पर्ण शेत पाहिलं की धस्स होतं. इथे यंत्रानं वेचायचं असल्यामुळे पान नकोच असतं. काचेच्या खोलीत बसलेला एकटा माणूस एका फेरीत सहा तासं, म्हणजे सहा ओळी, वेचत होता आणि यंत्राच्या मागून पिवळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले भलेमोठे गोल गठ्ठे शेतात उतरत होते. आमच्याकडे एवढ्या रानात पहाटेपासून वेचणाऱ्या बायांची रांग लागली असती. मी गाडी थांबवायला सांगून बराच वेळ बांधावर उभा राहिलो.

इथे येण्याचं कारण एक टी-शर्ट. भाचा लिटल रॉकला नोकरी करतो. त्याच्या ऑफिसातला एकजण हिरवा टी-शर्ट घालून आला, छातीवर लांब सोंडेचा किडा. भाच्यानं मला फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मामा, हा कपाशीवरचा किडा आहे म्हणे. तुम्ही ओळखता का?’ माझी त्याच्याशी ओळख पुस्तकातली. हा किडा भारतात नाही, आणि तो आपल्याकडे येऊ नये म्हणून क्वारंटाइनवाले डोळ्यांत तेल घालून बसलेले असतात. त्याचं नाव बोल वीव्हिल. माँटिसेलोच्या आर्कान्सॉ विद्यापीठाचे खेळाडू गेली शंभर वर्षं याच नावानं मैदानात उतरतात.

अमेरिकेत शाळा-कॉलेजच्या संघाला मॅस्कॉट लागतोच. वाघ, अस्वल, गरुड, लांडगा असे प्राणी पैशाला पासरी आहेत. कीटकही आहेत, पण ते बहुतेक दंश करणारे. अटलांटाच्या जॉर्जिया टेकचा ‘यलो जॅकेट’ म्हणजे पिवळी गांधीलमाशी. गांधीलमाशीला सगळे घाबरतात, तेव्हा ते नाव समजण्यासारखं आहे. बोल वीव्हिल मात्र कुणाला चावत नाही. त्यानं या मुलखाचं पीक खाल्लं, कर्जं बुडवली, माणसं देशोधडीला लावली. त्याचं नाव स्वतःच्या मुलांच्या छातीवर कुणी आणि का लावलं असेल, हे मला त्या मातीत उभं राहून समजून घ्यायचं होतं.

गावातल्या एका कॅफेत भाच्याच्या ओळखीतून एक निवृत्त गृहस्थ भेटले. त्यांनी तरुणपणी कपाशीच्या शेतांत किडींची पाहणी करण्याचं काम केलं होतं. मी कापूसवाल्या घरातला आहे म्हटल्यावर ते बाहेर गाडीकडे गेले आणि एक छोटी काचेची कुपी घेऊन आले. स्पिरिटमध्ये दोन किडे. त्यांनी एक चिमट्यानं कागदी रुमालावर ठेवला आणि खिशातलं भिंग माझ्या हातात दिलं.

सहा मिलिमीटरचा तो जीव. राखी-तपकिरी अंग, त्यावर बारीक लव, आणि अंगाच्या निम्म्या लांबीची खाली वाकलेली सोंड. जबडा सोंडेच्या अगदी टोकाला. मिशा मधेच कोपरासारख्या वळलेल्या. “पुढच्या पायाची मांडी बघा,” ते म्हणाले. भिंग जवळ नेलं तर मांडीच्या आतल्या बाजूला दोन काटे दिसले, एक मोठा, एक लहान. सोंडेचे किडे शेकड्यांनी असतात. शेतात सापडलेला हाच तो की दुसरा कुणी, हे या दोन काट्यांवरून ठरवायचं. या ओळखीवर कधीकाळी आख्ख्या जिल्ह्याची फवारणी अवलंबून असायची.

मग त्यांनी अंगठ्याच्या नखानं टेबलावरच पातं, म्हणजे कपाशीची कोवळी कळी, फोडून दाखवण्याची खूण केली. मादी सोंडेनं पात्याला भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते. थोड्याच दिवसांत पात्याभोवतीची हिरवी आवरणं उघडी पडतात, पिवळी होतात, आणि पातं गळतं. आत पाय नसलेली पांढरी वाकडी अळी खात बसलेली असते. अंड्यापासून भुंगेऱ्यापर्यंत सुमारे तीन आठवडे, म्हणजे एका हंगामात पिढ्यांवर पिढ्या. थंडीत तो शेताकडेच्या झाडीत, पालापाचोळ्यात दडतो. माँटिसेलोसारख्या रानाला लागून असलेल्या शेतांत त्याला दडायला जागाच जागा. “सकाळी तासातून चालत गेलं,” ते म्हणाले, “की बुडाशी गळलेल्या पात्यांचा सडा. वर झाड हिरवंगार.”

मी त्यांना डोमकळ्यांबद्दल सांगितलं. गुलाबी बोंडअळी फुलाच्या पाकळ्या आतून शिवून टाकते, फूल उमलतच नाही आणि बाहेरून कळी गुलाबासारखी दिसते. त्यांनी मान हलवली. ती अळीही त्यांना ठाऊक होती. अमेरिकेनं ती २०१८ मध्ये आपल्या कपाशीतून संपल्याचं जाहीर केलं. आमच्याकडे आदल्याच वर्षी तिनं बीटी कपाशीला न जुमानता विदर्भाची बोंडं पोखरली होती, आणि फवारणी करताना यवतमाळ जिल्ह्यातली माणसं विषबाधेनं दगावली होती. या दोन किडींची शास्त्रीय नोंद एकाच वर्षी झाली आहे, १८४३ साली: बोल वीव्हिलची मेक्सिकोतल्या नमुन्यावरून, गुलाबी बोंडअळीची भारतातल्या, भडोचकडच्या कपाशीवरच्या नमुन्यावरून.

मेक्सिकोतून हा किडा १८९२ च्या सुमारास रिओ ग्रांदे नदी ओलांडून टेक्सासात शिरला. १९०७ पर्यंत त्यानं मिसिसिपी नदीही पार केली. तीसेक वर्षांत अमेरिकेचा बहुतेक सगळा कापूसपट्टा त्याच्या ताब्यात गेला होता. त्याच्यापुढे सरकारला नवी व्यवस्था उभारावी लागली. सीमन नॅप यांनी १९०३ मध्ये टेक्सासातल्या टेरेल इथे एका शेतकऱ्याच्याच रानात प्रात्यक्षिक प्लॉट घेतला: लवकर येणारं बियाणं, अंतर राखून पेरणी, वेळेवर पऱ्हाट्यांचा नायनाट. शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन शिकवायची ही रीत पुढे देशभर पसरली आणि १९१४ च्या कायद्यानं कायमची झाली. अमेरिकेच्या कृषी विस्तार सेवेच्या मुळाशी या सहा मिलिमीटरच्या किड्याची धास्ती आहे.

त्याच काळात, १९०९ मध्ये, आर्कान्सॉ विधिमंडळानं एका कायद्यानं चार जिल्हा कृषिशाळा काढल्या. चौथ्या जिल्ह्याची शाळा माँटिसेलोला आली आणि पुढच्या वर्षी तिचे वर्ग सुरू झाले. शेतकऱ्यांच्या मुलांनी शिकून परत शेतावर जावं, हा हेतू. मॅग्नोलिया गावी निघालेल्या तिच्या सख्ख्या बहिणीचा संघ आज ‘म्यूलरायडर्स’ म्हणजे खेचरस्वार म्हणवतो. १९१२ च्या सुमारास तिथली पोरं सामन्याला जाताना रेल्वे स्टेशनापर्यंत खेचरांवर बसून जायची. दोन्ही संघ आजही एकमेकांविरुद्ध खेळतात. एका बाजूला नांगर ओढणारं जनावर, दुसऱ्या बाजूला नांगरून लावलेलं पीक खाणारा किडा! शेतीच्या शाळांना साजेशी यापेक्षा चांगली लढत मला सुचत नाही.

माँटिसेलोची शाळा १९२५ मध्ये कॉलेज झाली, आणि याच वर्षी तिच्या संघाला बोल वीव्हिल हे नाव मिळालं. ते दिलं कॉलेजचे अध्यक्ष फ्रँक हॉर्सफॉल यांनी. दक्षिणेला आजवर कुणी धूळ चारली असेल तर ती या बोल वीव्हिलनंच, तेव्हा आपल्या संघानं तेच नाव घ्यावं, अशा अर्थाचं ते बोलले, असं तिथे सांगतात.

या बोलण्यावर मी बराच विचार केला. हॉर्सफॉल यांनी त्यात एक मोठा पराभव सोडून दिला आहे. १८६५ मध्ये दक्षिण यादवी युद्ध हरली होती, आणि त्या हरण्यातून चाळीस लाख माणसं गुलामीतून सुटली होती. १९२५ चा गोरा दाक्षिणात्य माणूस तो पराभव मनाला लावून घेत होता, पण मोजत नव्हता. ज्यांना स्वातंत्र्य मिळालं त्यांची मुलं तेव्हा या कॉलेजात येऊच शकत नव्हती. मिसिसिपीच्या काठाने वर गेलं की त्याच राज्यात एलेन गाव लागतं. तिथे सप्टेंबर १९१९ च्या अखेरीस, कापसाचा रास्त हिशेब मिळावा म्हणून चर्चमध्ये जमलेल्या कृष्णवर्णीय बटाईदारांवर गोळीबार झाला, आणि पुढच्या काही दिवसांत त्या भागात कृष्णवर्णीयांची कत्तल झाली. किती माणसं मारली गेली यावर आजही एकमत नाही. बोंड कुणी खाल्लं हा प्रश्न निघतो तेव्हा एलेन मला विसरता येत नाही.

तरीही हॉर्सफॉल यांच्या नामकरणात एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. नाव दिलं तेव्हा किडा हरलेला नव्हता. १९२५ मध्ये तो प्रत्येक शेतात होता. त्याच सुमारास आर्सेनिकची भुकटी विमानातून धुरळायचे प्रयोग चालले होते. माँटिसेलोच्या दक्षिणेला, लुइझियानातल्या मनरो गावी १९२५ मध्येच एका धुरळणी कंपनीनं आपला तळ हलवला, आणि पुढे तीच डेल्टा एअरलाइन्स झाली. मी ज्या विमानानं अटलांटाहून आलो, त्या कंपनीचं मूळ बोल वीव्हिलवर विष टाकण्यात आहे. एवढं सगळं करूनही किडा जिंकतच होता. अशा वेळी शेतकऱ्याच्या पोरांना त्याचं नाव देणं म्हणजे घरी बापाला जो रोज हरवतो त्याची जर्सी अंगात घालून मैदानात जाणं. त्याला हिंमत लागते.

मुलींचे संघ मात्र ‘कॉटन ब्लॉसम्स’ म्हणजे कपाशीची फुलं. मुलं किडा, मुली फूल, ही वाटणी जुन्या काळची आहे आणि मला ती पटत नाही. पात्याला भोक पाडून पीक गाळते ती मादीच. सोंडेचं खरं काम तिचं.

हरण्याशी या कॉलेजचं एक आगळं नातं पुढेही राहिलं. १९३९ ते १९४१ या काळात स्ट्युअर्ट फर्ग्युसन हे इतिहासाचे शिक्षक फुटबॉल संघाचे प्रशिक्षक झाले. जिंकलंच पाहिजे ही अट नसेल तरच मी हे काम करीन, असं त्यांनी ठरवून घेतलं होतं. मग संघ बसमध्ये बसून देशभर हिंडला, एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत. वर्तमानपत्रं त्यांना ‘भटके वीव्हिल्स’ म्हणायची. मुलं मैदानावर गमतीजमती करायची, लोक खळखळून हसायचे, सामने बहुतेक हरायचे. पण मंदीत वाढलेल्या आणि आपला जिल्हा क्वचितच ओलांडलेल्या त्या शेतकरी पोरांनी अख्खी अमेरिका पाहिली. डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली आणि तो प्रवास संपला. मला फर्ग्युसन हा खरा शिक्षक वाटतो. स्पर्धेच्या नावाखाली पोरांची हाडं मोडणारे प्रशिक्षक कमी नाहीत. पोरांना जग दाखवणारे किती असतात?

शनिवारी सामना होता. मैदानाचं नाव कॉटन बोल स्टेडियम, म्हणजे चक्क कापसाचं बोंड. हिरव्या-पांढऱ्या कपड्यांतली माणसं, कडेवर पोरं, पॉपकॉर्नचा वास. संघ धावत आत आला तेव्हा बाकांवरून “गो वीव्हिल्स!” असा गजर झाला. माझ्या पुढच्या बाकावर एक आजोबा आणि त्यांची नात होती. नातीनं विचारलं, तुम्ही खरा वीव्हिल पाहिलाय का? आजोबांनी चिमूट दाखवली, एवढासा. तिनं कधी पाहिलेला नव्हता आणि कदाचित पाहणारही नाही. व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायनात १९७८ मध्ये सुरू झालेली निर्मूलन मोहीम राज्य-राज्य करत पश्चिमेकडे सरकली. शेताशेतांत कामगंध सापळे लागले, शेतकऱ्यांनी मतदान करून स्वतःवर कर बसवून घेतला, आणि शेजारीपाजारी सगळ्यांची फवारणी एकाच वेळी झाली. एकानं केलं आणि दुसऱ्यानं नाही, असं चालत नव्हतं. आज आर्कान्सॉत बोल वीव्हिल उरलेला नाही. अमेरिकेत तो टेक्सासच्या दक्षिण टोकाला, ज्या नदीवरून आला तिच्याच खोऱ्यात तग धरून आहे. माँटिसेलोत तो फक्त शर्टांवर आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही पूर्वेला निघालो. लेक व्हिलेजजवळ मिसिसिपी ओलांडणारा तारांचा लांब पूल, पलीकडे ग्रीनव्हिल आणि डेल्टाचा सपाट मुलूख. चार्ली पॅटन या गायकानं १९२९ मध्ये या किड्यावरचं गाणं ध्वनिमुद्रित केलं ते याच मातीतलं. त्याआधी मा रेनीनंही त्याच्या नावाचं गाणं गायलं होतं. ही गाणी गाणारे-ऐकणारे बहुतेक लोक मळेवाल्यांच्या जमिनीवर राबणारे. मळेवाल्याला जुमानत नाही असा हा एवढासा किडा त्यांच्या गाण्यांत येतो तो नुसता वैरी म्हणून येत नाही.

आमचं ठिकाण होतं अलाबामातलं एंटरप्राइज. तिथेही एक कम्युनिटी कॉलेज आहे, एंटरप्राइज स्टेट, आणि त्याचा मॅस्कॉटही बोल वीव्हिलच. पण या गावानं किड्याला थेट पुतळा दिला आहे. १९१५ मध्ये किडा या कॉफी काउंटीत आला आणि कपाशी बसली. एच. एम. सेशन्स या व्यावसायिकानं एका कर्जबाजारी शेतकऱ्याला भुईमूग लावायला पैसे पुरवले. १९१६ च्या त्या एका पिकानं शेतकऱ्याचं कर्ज फिटलं, बाकीच्यांनी बियाणं नेलं, आणि पुढच्याच वर्षी काउंटी भुईमुगात देशात आघाडीवर गेली. मग बॉन फ्लेमिंग या व्यापाऱ्याच्या कल्पनेतून ११ डिसेंबर १९१९ रोजी भर बाजारपेठेत स्मारक उभं राहिलं. भरभराटीचा निरोप घेऊन आल्याबद्दल गावानं बोल वीव्हिलचे त्यावर आभार मानले आहेत.

मुख्य रस्त्याच्या चौकात, कारंज्याच्या मधोमध, ग्रीक वेशातली पांढरी बाई दोन्ही हात वर करून उभी आहे. तिच्या हातांत एक प्रचंड काळा किडा. गंमत अशी की पहिली तीस वर्षं या स्मारकावर किडाच नव्हता. तो १९४९ मध्ये ल्यूथर बेकर यांनी बनवून बसवला. १९९८ मध्ये कुणीतरी किडा ओरबाडून नेताना बाईचे हात मोडले. मूळ मूर्ती आता गावच्या म्युझियममध्ये आहे आणि चौकात तिची प्रतिकृती.

सुंदर आहे हे स्मारक. पण त्याची गोष्ट मला जरा जास्तच गुळगुळीत वाटली. इतिहासकार जेम्स गीसन यांनी २०११ च्या आपल्या पुस्तकात दाखवलं आहे की किड्यानं दक्षिणेला कपाशीतून सोडवलं, ही समजूत घडवली गेलेली आहे. कॉफी काउंटीतले शेतकरीही कापसाला भाव आला तेव्हा कापसाकडे वळले. शिवाय भुईमुगाला पैसे पुरवणारा माणूस प्रत्येक बटाईदाराला भेटला नाही. किडा आला म्हणून ज्यांनी बोचकं बांधून शिकागो-डेट्रॉइटची गाडी धरली, त्यांनी आभाराच्या त्या पाटीवर सही केली नसती. संकट ज्याच्यावरून टळून गेलं तो संकटाचे आभार मानू शकतो. माँटिसेलोनं आभार मानले नाहीत, नुसतं नाव घेतलं. मला पुतळ्यापेक्षा ती जर्सी जवळची वाटते.

गावाबाहेर रस्त्याकडेला एक बाई मोठ्या पातेल्यात मिठाच्या पाण्यात ओल्या शेंगा उकडत होत्या. आम्ही दोन पिशव्या घेतल्या. समोरच्या रानात भुईमूग उपटून उलटा वाळत घातला होता आणि त्याला लागूनच पांढराफेक कापूस उभा होता. मी त्या बाईंना विचारलं, दोन्ही का? त्यांनी सांगितलं, जमिनीचा पालट हवा ना, एक वर्ष हे, एक वर्ष ते.

डोथनच्या वाटेवर शेंगा फोडता फोडता भाच्यानं विचारलं, “मामा, आपल्याकडं एखादं कॉलेज आपल्या कबड्डीच्या टीमला गुलाबी बोंडअळी म्हणेल का हो?”

लगेच ‘नाही’ म्हणावंसं वाटलं. आमची लढाई संपलेली नाही; दरवर्षी फरदड ठेवू नका म्हणून सांगावं लागतं, तरी चार पैसे जास्त मिळतील म्हणून लोक जानेवारीपर्यंत पऱ्हाटी उभी ठेवतात, आणि अळीला पुढच्या हंगामापर्यंत घर मिळतं. ज्या घरात फवारणीनं माणूस गेलाय त्या घरच्या पोरानं हे नाव पाठीवर घ्यावं, असं मी कोणत्या तोंडानं म्हणणार? पण माँटिसेलोच्या पोरांनी नाव घेतलं तेव्हा त्यांचीही लढाई संपली नव्हती. किडा जायला आणखी ऐंशीएक वर्षं लागली. मी भाच्याला म्हटलं, गावी गेलो की कृषी महाविद्यालयातल्या पोरांना विचारतो. डोमकळ्या तोडून तोडून ज्यांची बोटं चिकट झालीत, त्यांनाच यावर बोलायचा हक्क आहे.

“आणि मुलींच्या टीमला?” तो म्हणाला.

“तेच,” मी म्हटलं. “अंडी घालते ती मादीच.”